मोठ्या आतड्याचा कॅन्सर आणि पेशींची पकड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशन होतं, गाठ पॅथॉलॉजीला जाते आणि आठ-दहा दिवसांनी एक कागद हाती येतो. ‘ई-कॅडहेरिन कमी’, ‘बडिंग बीडी ३’, ‘सीईए १८’ असे शब्द त्यावर असतात. चोपडा, शहादा, साक्री, मुक्ताईनगर, कुठलंही घर घ्या, तो कागद शिकलेल्या भाच्याकडे जातो आणि तिथेच अडतो. हे पान त्या कागदासाठी आहे. खानदेशातले रुग्ण आणि नातेवाईक, तसंच इथल्या लॅबमध्ये नमुने हाताळणारे टेक्निशियन आणि जीवशास्त्राचे विद्यार्थी, सगळ्यांचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. कॅन्सरमध्ये पेशींची पकड नुसती सुटत नाही, ती बदलते. कुणाला धरायचं, कुठे धरायचं आणि कधी सोडायचं, हे गाठीतली पेशी स्वतःच्या सोयीने ठरवू लागते.

आतड्यातल्या पेशी एकमेकींना धरतात म्हणजे नेमकं काय करतात?

मोठ्या आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. त्यात क्रिप्ट नावाचे खोल खळगे असतात. खळग्याच्या तळाशी नवी पेशी जन्मते, वर सरकत येते आणि साधारण चार-पाच दिवसांत पृष्ठभागावरून गळून पडते. एवढी ये-जा चालू असूनही थराला भोक पडत नाही, कारण प्रत्येक पेशीने शेजारणीला आणि खालच्या पायापटलाला (थराखालच्या प्रथिनांच्या पातळ चादरीला) पक्कं धरलेलं असतं.

शेजारणीला धरण्याचं मुख्य काम ई-कॅडहेरिनचं. हा रेणू पेशीच्या आवरणातून आरपार जातो. बाहेरच्या भागाचे पाच खंड असतात आणि त्यांच्या सांध्यांत कॅल्शियमचे आयन बसले की तो ताठ राहतो. फुगडीत दोघींनी हात धरावेत तशी ही पकड असते : एका पेशीचं कॅडहेरिन दुसरीच्या कॅडहेरिनलाच धरतं, आणि एकीने सोडलं की दोघी सुटतात. पेशीच्या आत या रेणूचं शेपूट बीटा-कॅटेनिनला, ते आल्फा-कॅटेनिनला आणि ते पेशीच्या ॲक्टिन धाग्यांना जोडलेलं असतं.

पायापटलाला धरण्याचं काम इंटेग्रिनचं. लॅमिनिन, कोलॅजन, फायब्रोनेक्टिन या प्रथिनांना ते पकडतात आणि ‘पाय जमिनीवर आहेत, जगायला हरकत नाही’ असा निरोप पेशीला देतात. तिसरं कुळ इम्युनोग्लोब्युलिनसारख्या रेणूंचं, सीईए आणि एल१कॅम त्यातलेच. चौथं सिलेक्टिनचं, ते रक्तवाहिनीत वाहत्या पेशीला क्षणभर अडवतं. सीडी४४ आणि एपकॅम या चार कुळांच्या बाहेरचे, पण आतड्याच्या कॅन्सरमध्ये त्यांचं नाव सतत येतं.

म्हणजे पकड सुटली की कॅन्सर सुरू होतो?

सहसा नाही. सुरुवात वाढीपासून होते, पकड नंतर बिघडते. फिअरन आणि व्होगेलस्टाइन यांनी १९९० मध्ये मांडलेली साखळी आजही धरून आहे : आधी छोटा पॉलिप (अस्तरावर उगवलेला कोंब), मग मोठा, मग कॅन्सर, आणि या प्रवासाला बहुधा दहाएक वर्षं लागतात. आनुवंशिक नसलेल्या केसेसमध्ये सुमारे ८० टक्के वेळा पहिला बिघाड एपीसी या जनुकात असतो.

पकडीचा संबंध इथेच येतो. बीटा-कॅटेनिन दोन नोकऱ्या करतं. कॅडहेरिनशी बांधलेलं असताना ते जोड सांभाळतं, मोकळं झालं तर केंद्रकात शिरून टीसीएफ या प्रथिनाच्या साथीने मिक आणि सायक्लिन डी१ ही वाढीची जनुकं चालू करतं. निरोगी पेशीत एपीसी, ॲक्सिन आणि जीएसके३ मिळून मोकळं बीटा-कॅटेनिन लगेच नष्ट करतात. एपीसी बिघडलं की ते साठतं आणि पेशी थांबायचं विसरते. म्हणून आतड्याच्या कॅन्सरमध्ये पकड आणि वाढ हे दोन विषय वेगळे करता येत नाहीत. एकाच रेणूचे ते दोन चेहरे आहेत.

‘ई-कॅडहेरिन कमी’ असं लिहिलंय. हे घराण्यातून आलं का? मुलांना धोका आहे?

फक्त या एका ओळीवरून नाही. ई-कॅडहेरिनचं जनुक सीडीएच१, १६ व्या गुणसूत्रावर. त्यात जन्मजात बिघाड असेल तर विखुरलेल्या प्रकारचा जठराचा कॅन्सर आणि स्तनाचा लोब्युलर कॅन्सर यांचा धोका वाढतो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये जनुक बहुतेकदा शाबूत असतं. स्नेल, झेब१, ट्विस्ट यांसारखी प्रथिनं ते बंद करून ठेवतात किंवा त्याच्यावर मेथिल गट चढून ते गप्प होतं. हे गाठीपुरतं असतं, मुलांकडे जात नाही. घराण्याचा प्रश्न वेगळ्या तपासणीने सुटतो, तो पुढे एपकॅमच्या प्रश्नात आहे.

पेशी सुटून लिव्हरमध्येच का जाते?

पहिलं कारण साधं आहे. मोठ्या आतड्याचं जवळपास सगळं रक्त पोर्टल शिरेने आधी लिव्हरमध्ये जातं आणि वाटेतली पहिली बारीक जाळी तीच. गुदाशयाच्या खालच्या भागाचं काही रक्त लिव्हरला वळसा घालून थेट हृदयाकडे जातं, म्हणून त्या जागेच्या गाठी कधीकधी आधी फुप्फुसात दिसतात.

दुसरं कारण पकडीचं. सुटलेल्या पेशीला रक्तात जगणं अवघड असतं. पायापटलाचा आधार गेला की निरोगी पेशी स्वतःहून मरते. या मरणाला ॲनॉइकिस म्हणतात, त्याचं वर्णन १९९४ मध्ये झालं. कॅन्सरची पेशी हा नियम मोडते आणि भोवती प्लेटलेट गोळा करते. प्लेटलेटवरचं पी-सिलेक्टिन तिला चिकटतं, त्या आवरणाआड ती मारक पेशींपासून वाचते. लिव्हरच्या केशवाहिन्यांतल्या अस्तरावर ई-सिलेक्टिन वर आलेलं असेल तर गाठीच्या पेशीवरची सियालिल-लुईस नावाची साखर त्यात अडकते. याच साखरेच्या एका रूपाला आपण रक्ततपासणीत सीए १९-९ म्हणतो. ही पहिली पकड सैल असते. मग इंटेग्रिन घट्ट पकड घेतात, पेशी वाहिनीबाहेर पडते आणि तिथल्या कोलॅजनवर पाय रोवते.

यातली प्रत्येक पायरी पेशींना महागात पडते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत रक्तात सोडलेल्या पेशींपैकी दहा हजारांत एकीहूनही कमी पेशींची नवी गाठ झाली. ‘रक्तात पेशी गेली म्हणजे संपलं’ असं जे बोललं जातं ते चूक आहे.

पकड सुटली म्हणून पसरला म्हणता, मग लिव्हरच्या गाठीत ई-कॅडहेरिन परत भरपूर कसं?

कारण पेशीने पकड कायमची टाकलेली नसते. मूळ गाठीच्या कडेला पेशी ई-कॅडहेरिन कमी करते, लांबट होते, सरकते. नव्या जागी पोचल्यावर तिला वसाहत करायची असते, त्यासाठी शेजारीण धरावी लागते, म्हणून रेणू परत येतो. जर्मनीतल्या थॉमस ब्राब्लेट्झ यांच्या गटाने २००१ मध्ये हे आतड्याच्या गाठींत दाखवलं : गाठीच्या मध्यभागी बीटा-कॅटेनिन आवरणापाशी, कडेच्या सरकत्या पेशींत केंद्रकात, आणि दूरच्या गाठीत पुन्हा मूळ गाठीसारखीच मांडणी.

म्हणून एकाच तुकड्यावरचा ई-कॅडहेरिनचा रंग बघून रुग्णाचं भविष्य सांगू नये. तुकडा मध्यातून घेतला की कडेवरून, यानेच उत्तर बदलतं.

सीईए हा पकडीचाच रेणू आहे? मग तो रक्तात काय करतो?

हो. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये तो शोधला. पेशींना एकमेकींशी चिकटवण्याची त्याची क्षमता १९८९ मध्ये प्रयोगशाळेत दिसली.

निरोगी आतड्यातही सीईए असतो, पण पेशीच्या फक्त पोकळीकडच्या बाजूला. तिथून गळलेला रेणू विष्ठेबरोबर निघून जातो, रक्ताला पत्ता लागत नाही. कॅन्सरमध्ये पेशीला वरची-खालची बाजू राहत नाही, सीईए चहूबाजूंनी उगवतो, आवरणावरून सुटतो आणि आता शेजारी रक्तवाहिन्या आणि लसवाहिन्या असल्याने थेट रक्तात उतरतो. आपण रक्तात मोजतो तो आकडा म्हणजे या बिघडलेल्या दिशेचं माप. चहूबाजूंचा हा सीईए पेशीला ॲनॉइकिसपासून वाचवतो आणि लिव्हरमधल्या कुप्फर पेशींशी (तिथल्या पहारेकरी पेशींशी) जुळवून घ्यायलाही मदत करतो.

यावरून दोन गोष्टी कळतात. लवकरच्या टप्प्यात गाठ असूनही सीईए नॉर्मल येऊ शकतो, आणि काही गाठी तो पुरेसा बनवतच नाहीत. म्हणून ‘कॅन्सर आहे का’ हे बघायला, नुसतं चेकअप म्हणून, सीईए करू नये. शिबिरांत आणि पॅकेजमध्ये तो सर्रास घातला जातो. नॉर्मल आला की माणूस निर्धास्त होऊन संडासवाटे जाणारं रक्त मूळव्याधीवर ढकलतो. नुकसान होतं ते इथे.

मग सीईए कधी करायचा, आणि आकडा कसा वाचायचा?

ऑपरेशनच्या आधी एकदा. तो पुढच्या सगळ्या तुलनेचा पाया, आणि नेमका तोच बऱ्याच फायलींत नसतो. तालुक्याच्या ठिकाणी घाईत ऑपरेशन ठरलं तरी आदल्या दिवशी तीन-चार मिलिलिटर रक्त घ्यायला सांगा.

ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांनी दुसऱ्यांदा. सीईए रक्तातून निम्मा व्हायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, म्हणून आठव्या दिवशी केलेल्या तपासणीला अर्थ नाही. आधी वाढलेला आकडा सहा आठवड्यांनीही खाली आला नसेल तर कुठेतरी गाठ उरली असण्याची शक्यता धरून सीटी बघतात. पुढे दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी.

बहुतेक लॅबच्या कागदावर ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत नॉर्मल लिहिलेलं असतं. एका आकड्यापेक्षा चढ महत्त्वाचा. २.१, २.४, ४.६ असा प्रवास ‘नॉर्मल’ छापला असला तरी डॉक्टरांना दाखवा. ६.२, ५.९, ६.१ असा स्थिर आकडा बिडी ओढणाऱ्या माणसात बऱ्याचदा निरुपद्रवी असतो.

चुका कुठे होतात ते बघा. एकदा जळगावच्या लॅबमध्ये, पुढच्या वेळी नाशिकला, तिसऱ्यांदा मुंबईला असं केलं की मशीन आणि पद्धत बदलते आणि आकडे जुळत नाहीत, म्हणून लॅब एकच ठेवा. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर काही मशीनवर सीईए खोटा कमी येतो, त्या दोन-तीन दिवस आधी बंद करून लॅबला तसं सांगा. ऑक्झालिप्लॅटिन असलेली केमो सुरू झाल्यावर पहिल्या चार-सहा आठवड्यांत आकडा तात्पुरता चढू शकतो, तेवढ्यावरून ‘औषध लागू पडत नाही’ म्हणू नये. वाढलेला आकडा नेहमी दुसऱ्यांदा करून पक्का करायचा आणि मगच छाती, पोट, ओटीपोटाचा सीटी आणि दुर्बीण (कोलोनोस्कोपी).

आबांना गाठ नाही तरी सीईए ८ आला. कशामुळे?

बिडी-सिगारेट हे सर्वांत नेहमीचं कारण. त्याशिवाय लिव्हरचे आजार (सीईए लिव्हरच बाहेर काढतं, ते थकलं की साठतो), दारूने झालेला सिरोसिस, स्वादुपिंडाची सूज, आतड्याची जुनी सूज, फुप्फुसाचा जुना विकार, थायरॉईड मंदावणं, किडनी कमजोर असणं. यांत आकडा सहसा १० च्या आत राहतो. २० च्या वर गेला तर कारण नेटाने शोधावं लागतं, आणि ते फुप्फुस, जठर, स्वादुपिंड किंवा स्तनातही सापडू शकतं.

‘ट्यूमर बडिंग’ म्हणजे काय? बीडी ३ फार वाईट का?

पकड सुटते तो क्षण मायक्रोस्कोपखाली दिसतो, त्यालाच बडिंग म्हणतात. गाठीच्या पुढे सरकणाऱ्या कडेला एकटी पेशी किंवा जास्तीत जास्त चार पेशींचा पुंजका बाकीच्या गाठीपासून तुटून तंतूंच्या जाळ्यात उभा असतो. पाच किंवा अधिक पेशी असतील तर तो बड धरत नाहीत. मोजण्याची रीत २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय सहमतीने ठरली : नेहमीच्या एच-ई रंगाच्या स्लाइडवर कडेची दहा क्षेत्रं चाळायची, सर्वांत जास्त बड असलेलं एक निवडायचं आणि आकडा ०.७८५ चौरस मिलिमीटरला बसवून घ्यायचा. ० ते ४ बीडी १, ५ ते ९ बीडी २, १० किंवा अधिक बीडी ३. या मोजणीला वेगळा रंग किंवा महागडी किट लागत नाही, फक्त नजर आणि वेळ लागतो.

उपयोग दोन ठिकाणी. दुर्बिणीतून काढलेल्या पॉलिपच्या आत सुरुवातीचा कॅन्सर सापडला आणि बीडी २ किंवा ३ असेल, तर लसग्रंथीत पेशी गेल्याची शक्यता वाढते आणि आतड्याचा तो भाग काढायचा विचार होतो. दुसऱ्या टप्प्यातल्या, म्हणजे ग्रंथी स्वच्छ असलेल्या गाठीत बीडी ३ असेल तर केमो द्यायची का, या चर्चेत ते एक वजन ठरतं. एकटं बीडी ३ निर्णय करत नाही. गाठ किती खोल गेली, किमान १२ ग्रंथी तपासल्या का, वाहिनीत पेशी आहेत का, हे बरोबरीने बघायचं. रिपोर्टमध्ये बडिंगचा उल्लेखच नसेल तर पॅथॉलॉजिस्टना विनंती करा, त्याच स्लाइडवर ते मोजता येतं.

सिग्नेट रिंग लिहून आलंय, आणि मुलगा फक्त ३२ वर्षांचा आहे.

निम्म्याहून अधिक पेशींत श्लेष्म भरून केंद्रक एका कडेला ढकलला गेला असेल तर हे नाव देतात. या पेशी एकमेकींना जवळजवळ धरतच नाहीत. त्यामुळे पोकळीत गाठ उठून दिसण्याऐवजी आतड्याची भिंत जाड आणि ताठ होते. दुर्बिणीत वरचा तुकडा नॉर्मल येऊ शकतो आणि निदान लांबतं. हा प्रकार तरुणांत तुलनेने जास्त आढळतो आणि भारतातल्या रुग्णांत पाश्चात्त्य देशांपेक्षा त्याचं प्रमाण जास्त आहे. तो लिव्हरपेक्षा पोटाच्या पडद्यावर पसरायला बघतो, पेट स्कॅनमध्ये फिका दिसतो आणि सीईए नॉर्मल असू शकतो. म्हणून इथे नॉर्मल सीईएवर विसंबू नका. अशा केसमध्ये पहिलं ऑपरेशन कुठे होतं याला फार महत्त्व आहे. कर्करोगाची पूर्ण टीम असलेल्या ठिकाणी जायला दोन आठवडे गेले तरी चालतील, मात्र आतडं बंद पडलं असेल तर थांबू नये.

एपकॅमचा आणि घराण्यातल्या कॅन्सरचा काय संबंध?

एपकॅम हा आतड्याच्या अस्तरावरचा पकडीचा रेणू. १९७९ मध्ये तो आतड्याच्या कॅन्सरवरच सापडला. त्याचं जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर एमएसएच२ या डीएनए-दुरुस्तीच्या जनुकाच्या लगेच आधी असतं. एपकॅमच्या शेवटचा तुकडा जन्मतःच गळालेला असेल तर वाचन थांबत नाही, ते पुढच्या जनुकात घुसतं आणि एमएसएच२ गप्प होतं. एमएसएच२ मध्ये एकही अक्षर चुकलेलं नसताना लिंच सिंड्रोम, म्हणजे घराण्यातून येणारा कॅन्सरचा वाढीव धोका, तयार होतो.

गाठीच्या ब्लॉकवर एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ हे चार रंग करून घ्या. एमएसएच२ आणि एमएसएच६ दोन्ही गायब असतील आणि रक्ताच्या जनुक-तपासणीत एमएसएच२ ठीक आलं, तर ‘एपकॅमची डिलिशन (गळालेला तुकडा) तपासली का’ हा प्रश्न विचारायचा. साध्या सिक्वेन्सिंगमध्ये ती सुटू शकते, एमएलपीए या जनुकाचे गळालेले तुकडे शोधणाऱ्या चाचणीने पकडता येते. घरात सापडली तर रक्ताच्या नातेवाइकांनी तपासणी करावी. ज्यांच्यात ती आहे त्यांची २० ते २५ वर्षांपासून दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीची तपासणी होते.

तुकडा काढला, सुई लावली की पसरतो म्हणतात. नाना तयारच होत नाहीत.

दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्याने आतड्याचा कॅन्सर पसरत नाही. वर सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या परत वाचा : सुटणं, जगणं, अडकणं, रोवणं. चिमट्याने तुटलेल्या पेशीला यातलं काहीच आपोआप मिळत नाही, ती विष्ठेबरोबर निघून जाते. उलट गाठ तशीच राहिली तर तिच्या कडेला बड तयार होत राहतात. तुकडा न काढता गेलेले सहा महिने हाच खरा धोका आहे.

उन्हाळ्यात भुसावळ-जळगावला नमुने खराब येतात. लॅबने काय सांभाळायचं?

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा ऑपरेशन टेबलावरून निघालेलं आतडं वेगाने सडू लागतं. आवरणावरचे रेणू आधी बिघडतात, मग ई-कॅडहेरिन ‘गेलं’ असं दिसतं, प्रत्यक्षात नमुना गेलेला असतो.

रक्तपुरवठा तोडल्यापासून फॉर्मॅलिनमध्ये जाईपर्यंत एक तासाच्या आत. १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिन एक लिटर करायचं तर : ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्मल्डिहाइड १०० मिलिलिटर, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिलिलिटर, मोनोहायड्रेट सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. नळाच्या पाण्यात अंदाजाने ओतलेलं फॉर्मॅलिन आम्लधर्मी होतं, काळे कण पडतात आणि रंग बसत नाही. नमुन्याच्या किमान दहापट द्रव हवा. अरुंद तोंडाच्या बाटलीत आतडं कोंबलं तर बाहेरचा थर पक्का होतो आणि आतला कुजतो, कारण द्रव तासाला सुमारे एक मिलिमीटर एवढ्याच गतीने आत शिरतो. रुंद तोंडाचा डबा घ्या. आतडं उघडून द्यायचं की बंद, हे पॅथॉलॉजिस्टना आधी विचारा. मुरवणं किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास. शनिवारी संध्याकाळचा नमुना मंगळवारपर्यंत पडून राहतो, तिथे गडबड होते.

दुर्बिणीचे सहा ते आठ तुकडे घ्यावेत, एका चिमट्यात मेलेला भागच येण्याची शक्यता असते. तुकडे सलाइनमध्ये पाठवू नका. फॉर्मॅलिनचा डबा फ्रीझरमध्ये ठेवू नका. पॅराफिनचा ब्लॉक मुंबईला न्यायचा असेल तर तो साधारण ५६ ते ६० अंशांवर वितळतो हे लक्षात ठेवा, उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे तो टिकणार नाही. हाताच्या पिशवीत, कागदात गुंडाळून न्या, आणि ब्लॉकचा नंबर रिपोर्टशी जुळतो का ते निघण्याआधी बघा. सीईएचं रक्त अर्धा तास गोठू द्या, सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळं काढा आणि २ ते ८ अंशात ठेवा.

दुर्बिणीच्या तपासणीआधी काय खायचं, काय नाही?

तीन दिवस आधीपासून बिया आणि कोंडा बंद : वांग्याचं भरीत, कळण्याची आणि दादरची भाकरी, ठेचा, तीळ, शेंगदाणे, पेरू, टरबूज. बी दुर्बिणीच्या नळीत अडकते आणि छोटा पॉलिप झाकते. भात, गाळलेलं मुगाचं वरण, ताक, रव्याचा उपमा चालतो. लोहाच्या गोळ्या ५ ते ७ दिवस आधी थांबवा, त्याने मळ काळा आणि चिकट होतो. आदल्या दिवशी फक्त पातळ, तेही लाल रंगाचं नको. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची मोठी पुडी दोन लिटर पाण्यात : अर्धी संध्याकाळी, अर्धी तपासणीच्या चार-सहा तास आधी, आणि शेवटचा घोट किमान दोन तास आधी संपलेला. शेवटी पिवळसर, आरपार दिसेल असं पाणी पडलं पाहिजे. रक्त पातळ करणाऱ्या आणि शुगरच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

पकडीच्या रेणूंवर औषध निघालं का?

प्रयत्न झाले, यश थोडं. एपकॅमविरुद्धचं एड्रेकोलोमॅब १९९४ मध्ये १८९ रुग्णांच्या चाचणीत आशादायक वाटलं. २००२ मध्ये २,७०० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत केमोला जोडून काही फायदा झाला नाही आणि एकटं तर ते केमोपेक्षा कमी पडलं. कारण पटण्यासारखं आहे. तोच रेणू निरोगी अस्तरावरही असतो आणि गाठ तो गरजेनुसार कमी-जास्त करते. इंटेग्रिनविरुद्धचं व्हेडोलिझुमॅब चांगलं चालतं, पण आतड्याच्या सुजेवर. ते पांढऱ्या पेशींना आतड्यात उतरू देत नाही. कॅन्सरवरचं औषध ते नव्हे.

ॲस्पिरिनकडे मात्र लक्ष ठेवा. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्कँडिनेव्हियन चाचणीत पीआय३के या पेशीवाढीच्या मार्गातल्या जनुकांत बदल असलेल्या रुग्णांना ऑपरेशननंतर रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन तीन वर्षं दिलं, तेव्हा आजार परत येण्याचं प्रमाण जवळपास निम्मं झालं. प्लेटलेटचं कवच काढून घेणं हे त्यामागचं एक संभाव्य कारण. गाठीत तो बदल आहे का हे तपासल्याशिवाय आणि रक्तस्रावाचा धोका बघितल्याशिवाय स्वतःहून सुरू करू नका.

कॅडहेरिनला कॅल्शियम लागतं, मग कॅल्शियमच्या गोळ्या? हळद? कच्ची केळी?

रक्तातलं कॅल्शियम शरीर काटेकोर राखतं आणि कॅडहेरिनला लागतं तेवढं ते असतंच. गोळीने पकड घट्ट होत नाही.

हळदीतल्या कर्क्युमिनने काचेच्या बशीतल्या पेशींत ई-कॅडहेरिन वाढतं, पण पोटातून ते फारच कमी रक्तात जातं. भाजीत घाला. कर्क्युमिनच्या कॅप्सूल केमो चालू असताना नकोत, लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

रावेर-यावलच्या केळीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. कच्च्या केळ्यात न पचणारा स्टार्च असतो, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचं ब्युटिरेट करतात आणि अस्तराच्या पेशी त्यावर पोसतात. लिंच सिंड्रोम असलेल्या लोकांना रोज ३० ग्रॅम असा स्टार्च दोन वर्षं देऊन वर्षानुवर्षं पाहिलं, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. मोठ्या आतड्याचा कॅन्सर कमी झाला नाही. जठर, पित्तनलिका, स्वादुपिंड यांसारख्या इतर अवयवांचे कॅन्सर जवळपास निम्म्यावर आले. याच अभ्यासात ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिनने मोठ्या आतड्याचा कॅन्सर मात्र कमी झाला. कच्च्या केळ्याची भाजी आवडीने खा, उपचार म्हणून नको.

पैसे कशावर घालावेत आणि कशावर नाही?

घालावेत : दुरुस्ती-प्रथिनांचे चार रंग प्रत्येक रुग्णात, आणि आजार पसरला असेल तर गाठीतल्या केआरएएस, एनआरएएस, बीआरएएफ या जनुकांची तपासणी. यावर औषध ठरतं. सीईए ठरल्या वेळी.

नको : ई-कॅडहेरिन, सीडी४४, एल१कॅम यांचे रंग संशोधनाबाहेर. रक्तातल्या फिरत्या पेशी मोजण्याची तपासणीही (७.५ मिलिलिटर रक्तात तीन किंवा अधिक पेशी म्हणजे धोका जास्त) आजार किती जोरात आहे ते सांगते, पण कोणतं औषध द्यावं ते सांगत नाही. ही महागडी पॅकेजेस घेण्याआधी ‘याने उपचार बदलणार आहे का’ एवढंच विचारा.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो येतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का, ते भरती होण्याआधी बघा. अडवणूक बहुतेक वेळा तिथेच होते. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत योजनेच्या आरोग्यमित्रांना भेटा.

पकड सुटते हे कॉलेजच्या लॅबमध्ये दाखवता येतं का?

पेशी वाढवण्याची सोय असेल तर सहज. कॅको-२ किंवा एचटी-२९ या आतड्याच्या कॅन्सरच्या, लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींचा सलग थर घ्या, कॅल्शियम नसलेल्या बफरने दोनदा धुवा आणि ईडीटीए घाला. काही मिनिटांत शेजारणींमधल्या फटी दिसू लागतात, कारण सांध्यांतलं कॅल्शियम ओढलं गेलं. परत कॅल्शियम असलेलं माध्यम घातलं की काही तासांत जोड पुन्हा बनतात. ट्रिप्सिन वापरू नका, कॅल्शियम नसताना ते कॅडहेरिनच चिरतं आणि मग पकड परत यायला नवा रेणू बनावा लागतो. तुलनेसाठी एसडब्ल्यू४८० आणि एसडब्ल्यू६२० ही जोडी चांगली : एकाच रुग्णाची, पहिली मूळ गाठीतून, दुसरी लसग्रंथीतून.

घरात एकाला झाला. बाकीच्यांनी कधी तपासायचं?

आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कुणाला झाला असेल तर ४० व्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा दुर्बिणीची तपासणी. लिंच सापडला असेल तर वर सांगितलेलं वेळापत्रक. आणि कुठल्याही वयात संडासवाटे रक्त, संडासची सवय बदलून तीन आठवडे झालेले, किंवा पुरुषात कारण नसताना हिमोग्लोबिन उतरलेलं असेल, तर मूळव्याधीचं मलम आणण्याआधी सर्जनकडून बोटाने तपासून घ्या. गुदाशयातल्या खालच्या बऱ्याच गाठी त्या बोटालाच लागतात.